रोज पळतो, तरी अर्धमॅरेथॉन २ तास २४ मिनिटांवरच अडकलीय. कुठं चुकतंय?

बोरीकाठचा दुकानदार (अमळनेर), २६ ऑगस्ट

राम राम मंडळी.

वय ४२. अमळनेरला बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी साखर काठावर निघाली, डॉक्टर म्हणाले चालत जा, मी पळायलाच लागलो. सुरुवातीला गल्लीतली एक आजी रोज विचारायची, "कोठे पयी रायना भो, कुत्रं मांगे लागनं का?" आता साखर ताब्यात आहे, पोट उतरलंय. दुखणं वेगळंच आहे.

सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ला निघतो. चोपडा रोडने ३ किमी जायचं, ३ किमी यायचं. शनिवारी कंपन्यांच्या गाड्या माल उतरवतात म्हणून सुट्टी. रविवारी १० किमी. आठवड्याचे झाले ४०. रोजचे ६ किमी ३९ मिनिटांत झालेच पाहिजेत, हा माझा नियम. ४० लागले तर दिवसभर डोकं फिरतं, गिऱ्हाइकावर उगाच खेकसतो. घड्याळात नाडी १६५ च्या आसपास दिसते.

आतापर्यंत दोन अर्धमॅरेथॉन (हाफ, २१.१ किमी) झाल्या. पहिली २ तास २६, दुसरी गेल्या डिसेंबरात २ तास २४. दुसऱ्या वेळी पहिले १० किमी ६२ मिनिटांत काढले, वाटलं आज काहीतरी करून दाखवतो. १६ नंतर पाय असे झाले की कडेला उसाचा रस पिणारी माणसं माझ्याकडे दयेने बघत होती. मग चाल, पळ, चाल, पळ. नुसते १० किमी मात्र फेब्रुवारीत ५८ मिनिटांत आलेत.

आणखी एक. मृग लागला की आमच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते. कपाशीचं बियाणं, खत, उधारीच्या वह्या, सकाळी ७ ते रात्री १० उभाच. यंदा मधले पाच आठवडे पळालोच नाही. जुलैच्या मध्याला परत सुरू केलं ते थेट ४० किमीनेच, म्हटलं आधीच उशीर झालाय. तेव्हापासून डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या अर्ध्या भागात दुखतं. पहिले दोन किमी ठणका, मग थांबतो, संध्याकाळी काउंटरला उभा राहिलो की पुन्हा.

डिसेंबरात तिसरी हाफ आहे. जोर वाढवू, किलोमीटर वाढवू, की वय झालं म्हणून गप्प बसू? बूट पहिल्या हाफच्या आधी घेतलेलेच आहेत, चांगले आहेत अजून.

पारोळा एक्स्प्रेस, २६ ऑगस्ट

आप्पा, जोर कमी पडतोय, दुसरं काही नाही. मी पोलीस भरतीची तयारी करतो. आम्ही रोज सकाळी १६०० मीटरची टाइम ट्रायल मारतो, म्हणजे घड्याळ लावून पूर्ण जोरात, संध्याकाळी ४०० मीटरचे दहा तुकडे. माझी वेळ ५:३८ आहे, ५:१० च्या आत आलं की २० पैकी २० गुण. तोंडाला फेस येईपर्यंत सोडायचं नाही. नडगीला बर्फ लावा न् पळा.

निवृत्त शिट्टी (धुळे), २७ ऑगस्ट

दुकानदारसाहेब, पारोळ्याच्या पोराचं ऐकू नका. त्याच्याशी नंतर बोलतो.

३१ वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो, अजूनही शनिवारी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी जातो. तुमचंच गणित तुम्हाला करून दाखवतो. २ तास २४ म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ५० सेकंद. रोजचे ६ किमी ३९ मिनिटांत म्हणजे ६:३०. अहो, शर्यतीपेक्षा तुमचा सराव जोरात आहे! आठवड्यात पाच दिवस शर्यत पळता, मग खऱ्या शर्यतीच्या दिवशी पायांना त्यात नवल ते काय.

दुसरं. ज्याचे १० किमी ५८ मिनिटांत येतात, त्याची हाफ २ तास ८-१० मिनिटांच्या आसपास यायला हरकत नाही. म्हणजे वेग तुमच्याकडे आहे, वेगासाठी रडू नका. पंधरा मिनिटं सांडतात ती १६ च्या पुढे. रविवारी १० वरून वळता, त्यामुळे अकराव्या किलोमीटरपासून पुढचा रस्ता पायांच्या ओळखीचाच नाही.

तुम्ही जे पळता ते मधलं पळणं. हळू म्हणावं तर नाही, जोरात म्हणावं तर तेही नाही. अंगाला थकवा पुरेपूर, शिकवण थोडी. हळू आणि लांब पळण्यात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, साठवलेली साखर जपून चरबीवर चालायची सवय होते. त्याला वेळ द्यावा लागतो, जोर नाही. आणि जोराचं पळणं खरंच जोरात व्हायला पाय ताजे लागतात. तुमचे ताजे कधी असतात? नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर नावाचे संशोधक आहेत. त्यांनी वल्हवणारे, बर्फावर स्कीइंग करणारे, पळणारे असे अव्वल खेळाडू कसा सराव करतात ते तपासलं. दर पाच सरावांपैकी साधारण चार हळू, एक जोराचा. आपण त्यांच्याएवढे तास घालवत नाही, पण रोज मधलं पळून त्यांच्यापेक्षा शहाणेही ठरत नाही.

हळू म्हणजे किती? घड्याळ काढून ठेवा. दुकानात गिऱ्हाइकाला सांगता ना, पंधरा लिटरच्या पंपाला इतके मिली, वारा असताना मारू नका, तोंडाला फडकं बांधा, ते सगळं पळताना मोठ्याने बोला. मध्येच वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. सुरुवातीला किलोमीटरला ७:३० किंवा ८ सुद्धा लागतील. लाज वाटेल. वाटू द्या.

आधी नडगी. ती शांत होईपर्यंत जोराचं काहीही नाही. त्यानंतरचा आठवडा असा धरा: सोमवारी आराम. मंगळवार-बुधवार ५-६ किमी हळू. गुरुवारी एकच जोराचा दिवस. पंधरा मिनिटं हळू पळून अंग तापवा, मग रस्त्यावरच्या विजेच्या खांबांशी खेळा, तीन खांब जोरात, तीन खांब हळू. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात हा प्रकार निघाला, फार्टलेक म्हणतात, अर्थ वेगाचा खेळ. पुढे अंगवळणी पडलं की ३ मिनिटं जोरात, २ मिनिटं हळू, असं पाच वेळा. जोरात म्हणजे जीव तोडून नव्हे, पाचवा तुकडा पहिल्याइतकाच आला पाहिजे. शुक्रवारी पाय मोकळे करण्यापुरतं. रविवारी लांब, तेही हळूच: १०, ११, १२, मग चौथ्या आठवड्यात उतरून ९. मग १३, १४, १५, पुन्हा खाली. शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी १७-१८ झाले की पुरे. उतरता आठवडा चुकवायचा नाही. तो आळस नाही, त्याच आठवड्यात मागचं अंगी लागतं. दम दीड-दोन महिन्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध त्याच्या बरेच मागून येतात. दम आला म्हणून माणूस पळत सुटतो आणि नडगी बिचारी मागे राहते.

हे मला उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला जिल्हा स्पर्धेच्या आधी मी पोरींना रोज क्रॉसकंट्रीची पूर्ण शर्यत पळवायचो, रोज वेळ लिहायचो. सगळ्यात चांगली जी होती ती नडगी धरून बसली. मी म्हटलं, नाटकं करू नको. हाडाला चीर गेली होती. तिचा मोसम माझ्यामुळे गेला. म्हणून सांगतोय, दुखतंय ते आधी दाखवून या.

बोरीकाठचा दुकानदार (अमळनेर), २७ ऑगस्ट

गुरुजी, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कपाशीला सगळा युरिया एकदम टाकायला निघालेल्या माणसाला तुम्ही दुकानातून परत पाठवता, हप्त्याने द्या म्हणता. स्वतःला का नाही सांगत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज सकाळी बोलत पळून बघितलं. दुसऱ्याच वाक्याला धाप लागली. हळू केलं, अजून हळू केलं, ८:०५ ला वाक्य पूर्ण झालं. दूधवाला सायकलवरून "काय शेठ, बरं नाही का?" म्हणून गेला.

नडगी-टाच-घोटा (जळगाव), २८ ऑगस्ट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेहरूण तलावावर सकाळी पळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यात माझा निम्मा पगार वसूल होतो. इथून निदान करणार नाही, पण दादा, एवढं स्वतः करून बघा.

नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली या. चार-सहा बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल तर बहुतेक हाडाच्या आवरणावरचा ताण आहे, भार कमी केला की हळूहळू बरा होतो. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत बोट ठेवलं की जीव जातो, रात्री झोपेतही ठणकतं, त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येते, यांतलं काहीही असेल तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बारीक चीर कित्येकदा दिसतच नाही, त्यामुळे "एक्स-रे स्वच्छ आहे" एवढ्यावर खूश होऊन पळू नका.

बर्फाने ठणका दबेल, कारण जाणार नाही. तुमच्या बाबतीत कारण तुम्हीच लिहिलंय: पाच आठवडे शून्य, मग थेट ४०. शिवाय दिवसाचे १२-१५ तास फरशीवर उभं राहणं, बहुधा सपाट चपलेत. तोही पायांवरचा भारच, घड्याळ मोजत नाही एवढंच. काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवा, दुकानातही बूट घाला.

आणि बूट "चांगले आहेत अजून"? आठवड्याला ४० म्हणजे वर्षाला २००० किमीच्या घरात. साधारण ५०० ते ८०० किमीत तळव्याचा फोम बसतो, वरून बूट नवाकोरा दिसला तरी. ते आता माल उतरवताना घाला.

व्यायाम एकच सांगते, कारण दहा सांगितले तर एकही होत नाही. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाचा वर, मग सावकाश खाली. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एकेका पायावर. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा जरा वाकवून, कारण पोटरीत आत-बाहेर दोन वेगळे स्नायू आहेत. एका दिवसाआड. एका पायावर सलग २०-२५ जमले की मला सांगा. आज बहुतेक १० वरच पोटरी थरथरेल.

सातपुड्याच्या पायथ्याशी (शहादा), २९ ऑगस्ट

शिट्टी सरांनी आठवडा छान आखून दिला, फक्त त्या आठवड्यात पहाटेचा डबा कोणी करायचा ते लिहिलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहाटे ५ ला मोकळ्या रस्त्यावर एकटी बाई पळत नाही, निदान आमच्याकडे नाही. एक कुत्री आणि दुसरी माणसं. म्हणून शाळेच्या मैदानात गोल गोल पळते, संध्याकाळी. १० किमीला ३३ फेऱ्या होतात, मोजायला खिशात शेंगदाणे ठेवते, फेरीला एक दाणा तोंडात. वीस फेऱ्यांनंतर हिशोब चुकतो तो भाग वेगळा. एक करा, अधूनमधून दिशा बदला, एकाच बाजूला वळून वळून गुडघा धरतो.

ऊन्हाचं कोणी बोललंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, ऑक्टोबरातही सकाळी ८ नंतर रस्ता तापतो. उकाड्यात रक्ताला कातडीकडेही जावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी जास्त दिसते. मागच्या उन्हाळ्यात मला वाटलं आपण संपलो. मग सुट्टीत तोरणमाळला गेलो, हजार मीटरच्या वरची ती गार हवा, यशवंत तलावाच्या बाजूने पळाले तर तेवढ्याच दमात किलोमीटरला चाळीस सेकंद लवकर! मी तीच होते. तेव्हापासून उन्हाळ्यात वेळ लिहीत नाही, फक्त किती मिनिटं पळाले ते लिहिते.

खाण्याचं. आदल्या रात्री शेवभाजी नको, सकाळी चौथ्या किलोमीटरला ती स्वतः आठवण करून देते. भाकरी, साधं वरण, भात. निघायच्या अर्धा तास आधी एक केळं. केळीच्या रावेर-यावलशेजारी राहून लोक पाकिटातली गोड एनर्जी जेल मागवतात याचं मला हसू येतं. दीड तासापेक्षा लांब पळणार असाल तर वाटेत काहीतरी गोड आणि मीठ पोटात गेलंच पाहिजे. मी खजूर नेते आणि बाटलीत जलसंजीवनी. पण हे रविवारी करून बघायचं, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नाही.

पारोळा एक्स्प्रेस, २९ ऑगस्ट

सर, पण आमची शर्यत १६०० चीच आहे. आम्ही हळू पळून काय करू? भरतीत कोणी गप्पा मारायला थांबत नाही.

निवृत्त शिट्टी (धुळे), ३० ऑगस्ट

बाळा, किती महिने ५:३८ वर आहेस ते लिहिलं नाहीस.

साडेपाच मिनिटांच्या पळण्यात बहुतांश ताकद श्वासाने घेतलेल्या हवेवरच येते. न्यूझीलंडचे एक प्रशिक्षक होते, आर्थर लिडियार्ड. त्यांचा पीटर स्नेल ८०० मीटर पळायचा, शर्यत दोन मिनिटांच्या आतली. तरी मोसमाआधीचे महिने ते त्याला आठवड्याला १६० किमी पळवायचे, रविवारी ३५ किमी. त्याने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं, १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० दोन्ही. तू १६० पळू नकोस, मरशील. पण आठवड्यात दोनच दिवस ४०० चे तुकडे मार, बाकीचे दिवस ६-८ किमी बोलत पळ, आणि टाइम ट्रायल तीन आठवड्यांतून एकदा दे. रोज परीक्षा देऊन कोणी हुशार होत नाही, अभ्यास कधी करणार?

पारोळा एक्स्प्रेस, ३० ऑगस्ट

चार महिने. 🙏

बोरीकाठचा दुकानदार (अमळनेर), २४ नोव्हेंबर

मंडळी, तीन महिन्यांनी आलो. हिशोब मांडतो.

नडगी: डॉक्टरांना दाखवली, चीर नव्हती, पट्ट्यातलंच दुखणं. तीन आठवडे नुसतं चालणं आणि सायकल. ताई, टाचांचे ९ झाले होते पहिल्या दिवशी, थरथर तुम्ही सांगितली तशीच. आता डावा २२, उजवा २५. स्टूल आणलं, पण त्यावर गिऱ्हाईक बसतं. बूट नवे घेतले.

पळणं: सुरुवातीला नाडी १४० ला धरली तर ७:५५ लागायचे. गेल्या आठवड्यात त्याच रस्त्यावर, तेवढ्याच नाडीला ७:१०. हवा गार झालीय, शहाद्याच्या बाईंनी सांगितलं म्हणून सगळं श्रेय स्वतःकडे घेत नाही. रविवारी १६ झाले, न थांबता, आणि घरी येऊन दुकान उघडलं. मागच्या वर्षी १० नंतर दुपारी झोपायचो.

आता चुका. ऑक्टोबरात पारोळ्याचा पोरगा भेटायला आला. म्हटलं चल सोबत. पहिले दोन किमी गप्पा, मग त्याने जरा पुढे घेतलं, मग मी, मग काय विचारता, तीन किमी दोघं बैलगाडीच्या शर्यतीसारखे. दोन दिवसांनी नडगी बोलली. आठवडा वाया. चूक त्याची नाही, ४२ वर्षांचा मी होतो. दिवाळीत आठ दिवस पळालोच नाही, पण यावेळी नंतर ते भरून काढायला गेलो नाही, मागच्याच आकड्यापासून उचललं. जोराचे गुरुवार ठरवले होते त्यातले निम्मेच झाले. कापूस वेचणी सुरू झाली की सकाळी सहालाच कोणीतरी दार वाजवतं, उधारी द्यायला येतो म्हणतात आणि नवीन उधारी घेऊन जातात.

आजी आता विचारते, "पाय दुखस का भो? इतला हयू काबर पयी रायना?"

गुरुजी, शर्यत तीन आठवड्यांवर आहे. पुढच्या रविवारी १८ करून मग उतरवतो. मनात २ तास १५ आहे. सुरुवात कशी करू तेवढं सांगा, कारण तिथं ढोल वाजायला लागले की माझं माझ्यावर चालत नाही.

पारोळा एक्स्प्रेस, २४ नोव्हेंबर

आप्पा, ५:२४ आली. १८ किमीच्या रविवारी मी येतो, पण मोटरसायकलवर. तुमचं पाणी न् खजूर माझ्याकडे.

निवृत्त शिट्टी (धुळे), २५ नोव्हेंबर

मोटरसायकलवरच ये, तुम्हा दोघांना सोबत पळू देणं धोक्याचं आहे.

दुकानदारसाहेब, पहिले ३ किमी बोलत. मग ६:२५ च्या आसपास, लोक पुढे गेले तर जाऊ द्या, १६ व्या किलोमीटरला भेटतात सगळे. तिथून पुढे पाय असतील तसं उघडा. पहिले १० किमी ६५ मिनिटांच्या आत आलात तर निकाल इथे टाकायची तसदी घेऊ नका.